पटावरील संख्या



थोर पुरुषांचीं चरित्रें आपण पुष्कळ ऐकलीं असतील. आज मी एका संख्येचें चरित्र सांगणार आहें. गणिताचें नांव निघतांच घरोघर कांहीं हात यंत्र बंद करण्यासाठीं पुढें सरसावले असतील, याची मला पूर्ण कल्पना आहे. सदतीस वर्षें शाळेंत गणित शिकविलेल्या माणसाला एवढा अनुभव असतोच. परंतु ते हात थोडा वेळ आवरावेत, अशी विनंति आहे. मी जी आकडेमोड सांगणार आहें ती सातवी-आठवीच्या पलीकडची नाहीं. कारण माझी स्वतःचीच मजल जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे गेलेली नाहीं. ज्यांना शक्य असेल त्यांनीं कागद व पेन्सिल जवळ घेऊन बसावें. येथें मजजवळ फळा नाहीं. तो आपण आपल्या मनांतच उभा करावयाचा आहे.

ही संख्या गोष्टीच्या रूपानें आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं येऊन गेलेली आहे. बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या एका विद्वानावर राजा प्रसन्न झाला आणि त्यानें हवें तें मागण्यास सांगितलें. विद्वान म्हणाला, "महाराज, पटाच्या पहिल्या घरांत धान्याचा एक दाणा ठेवावा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, आणि असें प्रत्येक घरीं दुप्पट करीत चौसष्ट घरें भरावींत. तेवढें धान्य मला पुरे." राजा हंसला. कोठाराच्या कारभाऱ्यानें हिशेब मांडला तेव्हां मात्र दरबारांतील हंसूं मावळलें. ही गोष्ट आपल्या देशांतली म्हणून सांगितली जाते. परंतु तिचे जुने लेखी दाखले आढळतात ते अरबी ग्रंथांत. नवव्या शतकांतील याकूबी या इतिहासकारानें ती दिली आहे. तेराव्या शतकांतील इब्न खल्लिकान हा तर त्या विद्वानाचें नांव सिस्सा असें सांगतो. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यांतील संख्या मात्र अगदीं खरी आहे.

कारभाऱ्यानें हिशेब कसा केला असेल? चौसष्ट घरांतील दाणे वेगवेगळे काढून त्यांची बेरीज करावयास बसलें, तर दिवस सरेल. पण थोडें निरीक्षण केलें तर वाट सोपी होते. पहिल्या दोन घरांत मिळून तीन दाणे, आणि तिसऱ्या घरांत चार. पहिल्या तीन घरांत सात, चौथ्यांत आठ. पहिल्या चार घरांत पंधरा, पांचव्यांत सोळा. म्हणजे मागील सर्व घरांची बेरीज पुढच्या एका घराहून नेहमीं एकानेंच कमी. तेव्हां पटाला पांसष्टावें घर आहे अशी कल्पना करावी, त्यांत किती दाणे येतील तें काढावें आणि त्यांतून एक वजा करावा. पांसष्टाव्या घरांतील दाणे म्हणजे दोन ही संख्या चौसष्ट वेळां मांडून केलेला गुणाकार.

हा गुणाकार करण्यासाठींही चौसष्ट पायऱ्या चढाव्या लागत नाहींत. दोनाचा वर्ग चार; चाराचा वर्ग सोळा; सोळाचा वर्ग २५६; त्याचा वर्ग ६५,५३६; त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६; आणि त्याचा पुन्हां वर्ग केला कीं काम संपलें. अवघ्या सहा वर्गांत चौसष्टावा घात हातीं आला. सुमारें इ. स. १००० मध्यें अल्बेरुनीनें पटावरील दाण्यांची ही संख्या अशाच वर्ग करण्याच्या युक्तीनें काढून दाखविली आहे. आपल्याकडे ही युक्ति त्याहूनही जुनी. पिंगलाच्या छंदःशास्त्रांत वृत्तांची संख्या काढतांना ती येते, आणि इ. स. ११५० मध्यें भास्कराचार्यांनीं लीलावतींत गुणोत्तर श्रेढीसाठीं तिचा स्पष्ट नियम दिला आहे. पदांची संख्या सम असेल तर ती निम्मी करून 'वर्ग' असें लिहावें. विषम असेल तर एक वजा करून 'गुण' असें लिहावें. आणि शेवटीं पोंचल्यावर उलट्या क्रमानें वर्ग व गुणाकार करीत परत यावें. याच ठिकाणीं भास्कराचार्य एक उदाहरण घालतात. एक दाता पहिल्या दिवशीं दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करण्याचें वचन देतो; तर एका महिन्यांत त्यानें किती दिलें? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे त्या काळच्या नाण्यांत १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. दात्याची थोरवी पाहावी, कीं दोन कवड्यांनीं आरंभ करून तो लक्षावधि निष्कांवर गेला! आणि हें केवळ तीस दिवसांचें; आपला पट चौसष्ट घरांचा आहे.

आतां ती संख्याच सांगतों. ज्यांनीं कागद घेतला आहे त्यांनीं लिहून घ्यावी. एक, चौऱ्याऐंशी, सेहेचाळीस, चौऱ्याहत्तर, चाळीस, त्र्याहत्तर, सत्तर, पंचाण्णव, एकावन्न आणि शेवटीं सहाशें पंधरा. अंकांत १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. एकूण वीस अंक. लीलावतींत एक, दश, शत, सहस्र येथून निघून अयुत, लक्ष, प्रयुत, कोटि, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य आणि परार्ध अशीं अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत. परार्ध हें शेवटचें. त्यापुढें नांवच नाहीं. आपली संख्या एकशें चौऱ्याऐंशी परार्धांच्याही पुढें गेलेली आहे. कोठाराच्या कारभाऱ्याजवळ धान्यच काय, पण त्याच्या मोजमापाचा शब्दही उरला नसावा.

नुसते अंक ऐकून मनाला कांहीं बोध होत नाहीं, म्हणून एक-दोन मापें लावून पाहूं. तांदळाचे सुमारें चाळीस दाणे एक ग्रॅम भरतात असा ढोबळ हिशेब धरला, तर राजाचें देणें सुमारें सेहेचाळीस हजार कोटि टन होतें. आजच्या काळीं साऱ्या जगांत एका वर्षीं सडलेला तांदूळ पन्नास-पंचावन्न कोटि टनांच्या आसपास निघतो. म्हणजे आजचें सर्व जग, एक घांसही न खातां, राजाचें ऋण फेडावयास बसलें तरी साडेआठशें ते नऊशें वर्षें लागावींत.

दुसरें माप काळाचें. इ. स. १८८३ मध्यें एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानें एक खेळणें प्रसिद्ध केलें, आणि त्याच्यासोबत काशीच्या एका देवळाची कल्पित कथा पसरली. त्या देवळांत तीन सुया असून एका सुईवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या, मोठी खालीं व लहान वर अशा रचलेल्या आहेत. पुजाऱ्यानें एका वेळीं एकच चकती हलवावयाची, लहान चकतीवर मोठी ठेवावयाची नाहीं, आणि सर्व चकत्या दुसऱ्या सुईवर नेऊन पोंचवावयाच्या. तें काम संपेल त्या दिवशीं जगाचा अंत. एका चकतीला एक हालचाल, दोन चकत्यांना तीन, तिघींना सात; आणि चौसष्ट चकत्यांना किती, तें आपण आतां न मोजतां सांगूं शकाल. तीच आपली पटावरची संख्या. दर सेकंदाला एक चकती हलविली तरी सुमारें अठ्ठावन्न हजार चारशें कोटि वर्षें लागतील. आजचे शास्त्रज्ञ विश्वाचें वय सुमारें एक हजार तीनशें ऐंशी कोटि वर्षें मानतात. तेव्हां पुजाऱ्यांनीं घाई केली तरी आपणांस भिण्याचें कारण नाहीं.

परंतु मोठेपणा हा कांहीं संख्येचा खरा गुण नव्हे. कोणत्याही संख्येंत एक मिळविला कीं तिच्याहून मोठी संख्या तयार होते. माणसाची ओळख त्याच्या उंचीवरून होत नाहीं, त्याच्या अंतरंगावरून होते. तशी संख्येची ओळख तिच्या अवयवांवरून होते. या वीस अंकी संख्येचे अवयव पाडावयाचे आहेत असें सांगितलें, तर शाळेंतील मुलें घाबरून जातील. आणि तरीही तें काम आठवीच्या एका सूत्रानें बव्हंशीं होऊन जातें.

तें सूत्र असें: एखाद्या संख्येच्या वर्गांतून एक वजा केला, तर उरलेल्या संख्येचे दोन अवयव पडतात, एक त्या संख्येहून एकानें कमी आणि दुसरा एकानें अधिक. दहाचा वर्ग शंभर. एक वजा करतां नव्याण्णव. आणि नव्याण्णव म्हणजे नऊ गुणिले अकरा. आपली संख्या ही वर्गांतून एक वजा करूनच आलेली आहे, हें मघांच सांगितलें. म्हणून तिचे दोन अवयव झाले: ४,२९,४९,६७,२९७ आणि ४,२९,४९,६७,२९५. यांतील लहान अवयव पुन्हां वर्गांतून एक वजा होऊन आलेला. त्याचे दोन अवयव ६५,५३७ आणि ६५,५३५. पुन्हां लहान घ्या: २५७ आणि २५५. पुन्हां लहान घ्या: १७ आणि १५. पंधराचे ५ आणि ३. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तशी संख्या आपोआप उलगडत जाते, आणि हातीं सहा अवयव येतात: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७.

या सहा भावंडांत एक मौजेचें नातें आहे. तीनांत दोन मिळविले कीं पांच. तीन पांचे पंधरा, त्यांत दोन मिळविले कीं सतरा. तीन, पांच आणि सतरा यांचा गुणाकार २५५. त्यांत दोन मिळविले कीं २५७. थोरल्यांचा गुणाकार आणि वर दोन, म्हणजे पुढचें धाकटें. यावरून आणखी एक गोष्ट सिद्ध होते. यांतील कोणत्याही दोघांना एकाहून मोठा सामाईक विभाजक असता, तर त्यानें त्या उरलेल्या दोनालाही भागलें असतें. आणि हीं सर्व भावंडें तर विषम आहेत. म्हणून कोणत्याही दोघांत एकावांचून कोणताही विभाजक सामाईक नाहीं. एका कुळांतलीं असून कोणी कोणाच्या वांट्यांत नाहीं, असा हा प्रकार संसारांत क्वचितच दिसतो.

आतां या कथेंतील मुख्य प्रसंगाकडे येतों. या अवयवांपैकीं ३, ५, १७ आणि २५७ या मूळ संख्या आहेत, म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज त्यांना दुसरा भाग जात नाहीं. ६५,५३७ ही सुद्धां मूळ संख्या आहे. सतराव्या शतकांत फ्रान्समधील तुलूझ येथें फेर्मा नांवाचा एक न्यायाधिकारी होता. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद; पण त्या छंदांत त्यानें जें केलें तें पुष्कळांना आयुष्यभरांत साधत नाहीं. त्यानें इ. स. १६४० च्या सुमारास या मालिकेकडे पाहिलें. पहिल्या पांच संख्या मूळ निघाल्या, आणि त्यानें मित्रांना पत्रांतून कळविलें कीं ही मालिका अशीच पुढें चालू ठेवली तर प्रत्येक संख्या मूळच येईल, असा आपला विश्वास आहे. सिद्धता आपणांजवळ नाहीं, हेंही त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें. पण विश्वास दृढ होता. सहावी संख्या, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही दहा अंकी. ती तपासून पाहण्याचें काम तसेंच राहिलें.

तें जवळ जवळ नव्वद वर्षें राहिलें. पुढें इ. स. १७२९ मध्यें गोल्डबाख यानें पत्र लिहून तरुण ऑयलरचें लक्ष या विधानाकडे वेधलें, आणि इ. स. १७३२ मध्यें ऑयलरनें दाखवून दिलें कीं त्या सहाव्या संख्येला ६४१ नें नि:शेष भाग जातो! भागाकार ६७,००,४१७. ज्यांच्या हातीं पेन्सिल आहे त्यांनीं गुणाकार करून पाहावा. एवढ्या मोठ्या संख्येला ६४१ नेंच भागून पाहावें, हें सुचलें कसें? पुढें ऑयलरनें सिद्ध केलें कीं या सहाव्या संख्येचा कोणताही मूळ अवयव चौसष्टाच्या एखाद्या पटीहून एकानें अधिक असाच असला पाहिजे. अशा मूळ संख्या लहानापासून ओळीनें मांडल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे पांचव्याच भागाकाराला कुलूप उघडतें. पहा, येथेंही चौसष्टच आडवे आले.

ज्यांना दहा अंकी भागाकाराचा कंटाळा असेल त्यांच्यासाठीं भागाकाराविना एक सिद्धता सांगतों. ती मला फार आवडते. ६४१ या संख्येकडे दोन बाजूंनीं पाहावें. पांचाचा चतुर्घात ६२५ आणि त्यांत सोळा मिळविले कीं ६४१, ही एक बाजू. पांच गुणिले १२८ म्हणजे ६४० आणि त्यांत एक मिळविला कीं ६४१, ही दुसरी. आतां ६४० ला ६४१ नें भागावयास गेलें तर एक कमी पडतो; म्हणजे बाकी 'उणे एक' आहे असें म्हणूं. उणे एकाचा वर्ग एक, आणि चतुर्घातही एकच. म्हणून ६४० च्या चतुर्घाताला ६४१ नें भागलें असतां बाकी एक राहते. पण ६४० चा चतुर्घात म्हणजे पांचाचा चतुर्घात गुणिले १२८ चा चतुर्घात. यांपैकीं पांचाचा चतुर्घात ६२५, तो ६४१ हून सोळानें कमी. म्हणून बाकीच्या हिशेबांत त्याच्या जागीं 'उणे सोळा' लिहितां येतें. सोळा म्हणजे दोनाचा चौथा घात. १२८ म्हणजे दोनाचा सातवा घात, त्याचा चतुर्घात अठ्ठाविसावा. चार आणि अठ्ठावीस मिळून बत्तीस. तेव्हां उणा असलेला दोनाचा बत्तिसावा घात बाकी एक देतो. म्हणजे दोनाच्या बत्तिसाव्या घाताला स्वतःला ६४१ नें भागतांना एक कमी पडतो. तो एक मिळविला कीं भाग पूर्ण जातो. आणि एक मिळवून होणारी संख्या हीच फेर्माची सहावी संख्या. झालें. कोठेंही दहा अंकी भागाकार करावा लागला नाहीं.

अशा रीतीनें पटावरील संख्येचे सर्व मूळ अवयव हातीं आले: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सात अवयव, कोणताही दोनदां नाहीं. म्हणून तिला एकंदर १२८ विभाजक आहेत. विद्वानाला ते दाणे सतरा मुलांत सारखे वांटतां आले असते, ६४१ गांवांत सारखे वांटतां आले असते; पण सात भावांत वांटावयास गेला असता तर एक दाणा उरून भांडण झालें असतें.

फेर्माचें अनुमान मोडलें, परंतु त्याची मालिका वायां गेली नाहीं. इ. स. १७९६ मध्यें, एकोणीस वर्षेंही पुरीं न झालेल्या गाऊसनें शोधून काढलें कीं केवळ कंपास आणि खुणा नसलेली पट्टी यांच्या साहाय्यानें सतरा समान भुजांची सुसम आकृति काढतां येते. दोन हजार वर्षांत भूमितीच्या कोणा पंडिताला ही गोष्ट ठाऊक नव्हती. त्या शोधाच्या मुळाशीं ही मालिकाच होती. या रीतीनें २५७ व ६५,५३७ भुजांच्या आकृतीही काढतां येतात. हेर्मेस नांवाच्या एका जर्मन गणितज्ञानें ६५,५३७ भुजांच्या आकृतीच्या मागें दहा वर्षें घालविलीं. आणि अशा तऱ्हेनें काढतां येईल अशी विषम भुजांची सर्वांत मोठी जी आकृति आज ठाऊक आहे, तिच्या भुजा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे आपल्या पटाच्या पहिल्या अर्ध्या भागांतील सर्व दाण्यांइतक्या.

येथें मला एक वैयक्तिक गोष्ट सांगावयाची आहे. किंबहुना तिच्यासाठींच मीं हा विषय निवडला.

नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत मी एका खेड्यांतील शाळेंत सातवीला गणित शिकवीत होतों. एका जुन्या मासिकांत मीं वाचलें होतें कीं, कोणतीही संख्या घ्यावी, तिच्या वर्गांत तीच संख्या मिळवावी, आणि वर एकेचाळीस मिळवावे; म्हणजे मूळ संख्या येते. वर्गांत मीं तें मोठ्या अभिमानानें फळ्यावर मांडलें. एक घेतला तर ४३. दोन घेतले तर ४७. तीन घेतले तर ५३. चार घेतले तर ६१. मुलांनीं दहापर्यंत करून पाहिलें; सर्व मूळ. मग मीं जाहीर केलें कीं कोणतीही संख्या घ्या, उत्तर मूळच येईल. तेव्हां शेवटच्या रांगेंतून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, एकेचाळीसच घेतले तर? मग सगळीकडे एकेचाळीसच होतील."

श्रोतेहो, तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. एकेचाळिसाचा वर्ग, अधिक एकेचाळीस, अधिक एकेचाळीस. या तिन्ही पदांना एकेचाळिसानें भाग जातो. उत्तर १,७६३, म्हणजे ४१ गुणिले ४३. आकडेमोड करण्याचीही गरज नव्हती. नुसतें पाहण्याची गरज होती, आणि त्या मुलीनें पाहिलें होतें. पण मी तरुण होतों, शिक्षक होतों, आणि फळ्यासमोर उभा होतों. मीं म्हटलें, "सांगितलें आहे तेवढें सोडवावें. नसत्या शंका काढूं नयेत." मुलें हंसलीं. ती खालीं बसली. त्या रात्रीं कंदिलाच्या उजेडांत मीं हिशेब केला आणि माझी चूक माझ्या पदरांत पडली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती चूक वर्गापुढें सांगण्यास मला दोन मिनिटें पुरलीं असतीं. मीं फळा पुसला आणि पुढचा धडा सुरू केला.

त्या वर्षीं त्या मुलीनें पुन्हां कधीं हात वर केला नाहीं. आठवीची शाळा तीन कोसांवर होती. तिच्या घरच्यांनीं तिला तेथें पाठविलें नाहीं, आणि पुढील जूनमध्यें तिचें नांव पटावर नव्हतें. तें माझ्यामुळें झालें असें मी म्हणत नाहीं. तशा मुली त्या काळीं पुष्कळ होत्या. परंतु एवढें खरें कीं, तिच्या बाजूनें घरच्यांशीं दोन शब्द बोलावयास जो माणूस जावयास हवा होता, तो मीच होतों. आणि मी गेलों नाहीं, कारण तिच्यासमोर उभें राहावयास मला संकोच वाटत होता.

पुढें कित्येक वर्षांनीं फेर्मा आणि ऑयलर यांची ही हकीकत माझ्या वाचण्यांत आली. तेव्हांच हेंही कळलें कीं माझें तें एकेचाळिसाचें सूत्रही ऑयलरच्याच लेखनांतील आहे, आणि तें शून्यापासून एकोणचाळिसापर्यंतच अचूक चालतें. चाळीस घेतले तर उत्तर १,६८१, म्हणजे एकेचाळिसाचा वर्ग. चाळीस वेळां खरें ठरलेलें एकेचाळिसाव्या वेळीं खोटें ठरतें. फेर्माची मालिका पांच वेळां खरी ठरली आणि सहाव्या वेळीं खोटी. मग चूक फेर्मानेंही केली आणि मींही केली. दोघांत फरक तो काय? त्यानें आपणांजवळ सिद्धता नाहीं हें कबूल केलें होतें, आणि पुढच्या माणसासाठीं दार उघडें ठेवलें होतें. मीं विचारणाऱ्याला खालीं बसविलें.

आपल्या संख्येची एक शेजारीणही आहे; चौसष्टाव्या घातांत एक मिळवून होणारी, १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. ही फेर्माच्या मालिकेंतील सातवी. तिचे अवयव इ. स. १८८० मध्यें लाँद्री नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें प्रसिद्ध केले: २,७४,१७७ आणि ६७,२८,०४,२१,३१,०७२१ असे वाचले तर घोटाळा होईल, म्हणून दुसरा अवयव नीट सांगतों: ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. त्या वेळीं लाँद्रीच्या वयाला ऐंशी वर्षें उलटून गेलेलीं होतीं. आमच्यासारख्या सेवानिवृत्त मंडळींना ही गोष्ट धीर देणारी आहे. पुढें असें उघडकीस आलें कीं क्लाउसेन यानें इ. स. १८५५ मध्येंच हे अवयव गाऊसला पत्रानें कळविले होते. पण त्यामुळें म्हाताऱ्याचे श्रम कांहीं कमी होत नाहींत.

आज तर संगणकाच्या साहाय्यानें ही तपासणी फार दूर गेलेली आहे. पहिल्या पांच संख्यांनंतरच्या अठ्ठावीस संख्या ओळीनें तपासल्या गेल्या आणि एकजात संयुक्त ठरल्या. या मालिकेंत सहावी मूळ संख्या आजवर कोणालाही सांपडलेली नाहीं. मग ती नाहींच, असें म्हणावें काय? नाहीं. तसें म्हणणें म्हणजे फेर्माचीच चूक उलट्या बाजूनें करणें. अठ्ठावीस उदाहरणें ही अठ्ठावीसच उदाहरणें, सिद्धता नव्हे. म्हणून गणिती आजही तेथें प्रश्नचिन्ह ठेवतात. आपल्या घरांत आलेल्या संगणकाच्या पोटांतही ही पटावरची संख्या बसलेली आहे. दोनच अंकांच्या त्याच्या भाषेंत ती लिहिली तर नुसत्या चौसष्ट एकांची रांग होते, आणि चौसष्ट स्थानांत मावणारी ती सर्वांत मोठी संख्या. पण ते यंत्र भराभर हिशेब करतें, "एकेचाळीस घेतले तर?" असें आपण होऊन विचारीत नाहीं. तें विचारणारें मूल घरांत किंवा वर्गांत असावें लागतें.

म्हणून ऐकणाऱ्या आईबापांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंति. मुलानें शंका काढली आणि ती आपणांस सुटली नाहीं, तर "उद्यां पाहून सांगतों" एवढेंच म्हणावें, आणि दुसऱ्या दिवशीं खरोखर सांगावें. आपली चूक निघाली तर तीही सांगावी. त्यानें शिक्षकाचा मान जात नाहीं.

आणि ती मुलगी, आतां तीही पोक्त गृहिणी झाली असेल, कदाचित् कोठें तरी हें ऐकत असेल. तिला एवढेंच सांगावयाचें आहे: बाई, एकेचाळिसाची तुझी शंका बरोबर होती. त्याच वेळीं सांगावयास हवें होतें. फार उशीर झाला.

इतकें सांगून मी आपली रजा घेतों.